नाकाचे माप कोणाच्या हाती?

गोदाकाठ (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात माझ्या भाचीच्या बायोडेट्यासाठी फोटो काढायचे ठरले. गंगापूर रोडवरील एका स्टुडिओत आम्ही गेलो. तिने माझी येवल्याची पैठणी नेसली होती. फोटो झाले आणि चार दिवसांनी छापील प्रती हातात आल्या. बहिणीने त्या पाहून समाधानाने मान हलवली. भाची मात्र बराच वेळ एकाच फोटोकडे पाहत राहिली आणि मग तिने विचारले, "मावशी, हे नाक कोणाचे आहे?" तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले. तिचे नाक आमच्या आजीवर गेले आहे, मुळाशी थोडे बसके आणि नाकपुड्यांशी रुंद. फोटोतले नाक दोन्ही बाजूंनी चेपून सरळ केलेले होते. रंगही एका छटेने उजळला होता, पण त्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की तो कोणाला खटकलाही नाही. न विचारता असे का केले, हा प्रश्न बहिणीला पडला नाही. "चांगलेच केले आहे की," असे ती म्हणाली, आणि खरे सांगायचे तर क्षणभर मलाही तसेच वाटले. त्या क्षणाची मला लाज वाटते, म्हणून हा धागा काढत आहे.

रंगाविषयी आपल्याकडे बरेच बोलून झाले आहे. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ला २०२० साली नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घालावा लागला, त्याच वर्षी विवाह जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे चाळण्याची सोय काढून टाकली, आणि आता निदान चारचौघांत तरी 'गोरी मुलगी हवी' असे म्हणताना लोक आवाज थोडा खाली आणतात. नाकाबद्दल मात्र असा संकोच कोणालाच नाही. तरतरीत, धारदार, चाफेकळी हे शब्द कौतुकाचे. नकटे, बसके, अपरे, फेंदारे हे शब्द मुलीच्या देखत उच्चारले तरी चालतात. 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की त्यात एक प्रत्यक्षातली मुलगी आहे, तिचे नाक आहे आणि त्या नाकाची किंमत लग्नाच्या बाजारात वसूल केली जात आहे, हे ध्यानातच येत नाही.

आपण राहतो त्या नाशिकचे नावच नाकावरून पडले, असे आपण पाहुण्यांना मोठ्या उत्साहाने सांगतो. नऊ शिखरांवरून नाव आले असे मानणारेही आहेत, पण तपोवनात आलेल्या प्रत्येकाला लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक इथे कापले हेच ऐकायला मिळते. या निमित्ताने मी वाल्मीकींच्या अरण्यकांडातील तो प्रसंग पुन्हा वाचला. कवी राम आणि शूर्पणखा यांची जोडीजोडीने तुलना करतो: तो सुमुख तर ती दुर्मुखी, त्याची कंबर रेखीव तर तिचे पोट सुटलेले, तो विशालाक्ष तर ती विरूपाक्षी, त्याचे केस सुंदर तर तिचे केस तांब्याच्या रंगाचे. तिचा आवाज, वय, बोलणे, वागणे हे सारे त्या यादीत येते, नाक मात्र येत नाही. म्हणजे तिची कुरूपता सांगताना कवीला नाकाची गरज भासली नाही. नाक आले ते शिक्षेच्या वेळी. (तांबूस केसांबद्दल जाता जाता: कॉलेज रोडवरील कोणत्याही पार्लरमध्ये आज नेमका तोच रंग करून घेण्यासाठी काही हजार रुपये मोजावे लागतात.)

मग नाकाला रूपाच्या यादीत इतके वरचे स्थान कसे मिळाले? तिळाच्या फुलाची आणि पोपटाच्या चोचीची उपमा आपल्या परंपरेत जुनीच आहे, हे मला मान्य आहे. पण उपमा देणे वेगळे आणि मोजमाप करणे वेगळे. मोजमाप करणारा माणूस फार पुढे आला. हर्बर्ट रिस्ली हे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त. नाकाच्या रुंदीला शंभराने गुणून उंचीने भागायचे आणि येणारा आकडा सत्तरच्या आत असेल तर नाक बारीक, पंच्याऐंशीच्या वर असेल तर रुंद, असा युरोपातला निर्देशांक त्यांनी हिंदुस्थानातील जातींना लावला, आणि जातीचा सामाजिक दर्जा तिच्या नाकाच्या सरासरी रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असतो असा सिद्धान्त मांडला. नाक जितके रुंद, तितकी जात खाली. त्यांच्या हाताखाली या पाहणीचे काम करणाऱ्यांत बा. आ. गुप्ते हे मराठी गृहस्थही होते. पट्टी साहेबाची असली तरी ती धरणारे हात आपलेही होते, हे विसरून चालणार नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: नाक डोळ्यांना सुंदर दिसते असे आपण समजतो, पण त्या डोळ्यांना आधी कोणीतरी पट्टी दिलेली असते, आणि ती ज्याच्या हातात असते त्याचे स्वतःचे नाक नेहमी मापात बसते. आपले मत काय, हे सविस्तर वाचायला आवडेल. 'आजकालच्या मुली फारच हळव्या' या प्रकारचे प्रतिसाद कृपया नकोत. ते मला घरीच मिळाले आहेत.

त्रिरश्मी

विषय चांगला आहे. मी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी राहतो आणि आठवड्यातून दोनदा तरी तो डोंगर चढतो, त्यामुळे तिथल्या एका पुराव्याची भर घालतो.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध शिलालेख आहे. तिचा नातू, सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी, याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात तो कोरला गेला, आणि त्यात या राजमातेने आपल्या दिवंगत पुत्राचे, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीचे, वर्णन केले आहे. सूर्यकिरणांनी उमललेल्या कमळासारखे त्याचे मुख, पूर्ण चंद्रबिंबासारखे त्याचे दर्शन, उत्तम हत्तीसारखी त्याची चाल, नागराजाच्या वेटोळ्यांसारखे पुष्ट, दीर्घ आणि सुंदर बाहू, अभयदानाचे उदक सोडून सोडून ओला राहिलेला हात. नाक इथेही नाही. महाराष्ट्रातील इतक्या जुन्या काळातील पुरुषसौंदर्याचे इतके सविस्तर वर्णन माझ्या पाहण्यात दुसरे नाही, आणि ते एका आईने आपल्या मुलाचे केले आहे, हे मला प्रत्येक वेळी वाचताना हलवून जाते.

पण लेख तिथे थांबत नाही. त्याच दमात आणि तशाच विशेषणांच्या माळेत पुढे असे येते की त्याने क्षत्रियांचा दर्प मोडला, शक, यवन आणि पह्लव यांचा नाश केला, क्षहरातांचा, म्हणजे शक क्षत्रपांच्या एका घराण्याचा, वंश निःशेष केला आणि चार वर्णांचा संकर थांबवला. सुंदर बाहू आणि वर्णसंकर थांबवणारे बाहू एकच आहेत. आपण ज्याला सौंदर्यवर्णन म्हणतो, तो त्या लेखापुरता राज्यकारभाराचाच भाग आहे.

आता नाण्यांकडे येऊ. १९०६ साली आपल्या जिल्ह्यात जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा एक ठेवा सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि ती सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची होती. नाण्याच्या एका बाजूला नहपानाचा चेहरा असतो, नाकडोळ्यांसह. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारला आहे. त्याने त्यावर स्वतःचा चेहरा उमटवला नाही. एका बाजूला तीन कमानींचा चैत्य आणि दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह (टोकांना वर्तुळे असलेली फुली) ठोकले. काही नाण्यांवर नवा ठसा नेमका जुन्या चेहऱ्याच्या मधोमध बसला आहे आणि त्याखालून अर्धे कपाळ किंवा हनुवटी तेवढी डोकावते. नाण्यांची आवड असलेल्यांनी अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेतील संग्रहालय जरूर पाहावे.

मात्र गोदाकाठ यांचा निष्कर्ष मला जसाच्या तसा पटत नाही. जिंकणारा आपले माप हरणाऱ्यावर लादतो, इतके सरळ ते नसते. ज्या क्षत्रपांचा वंश संपवल्याची फुशारकी या शिलालेखात आहे, त्यांच्याच धर्तीवर राजाचा चेहरा असलेली चांदीची नाणी पुढे स्वतः पुळुमावीने पाडली. ठसा पुसून झाला, पण राजाने नाण्यावर कसे दिसावे हे शेवटी पराभूतानेच शिकवले. आपण आज ज्यांना मराठी वळणाचे चेहरे म्हणतो, त्यांतही अशी पुष्कळ उलटी देवघेव लपलेली असेल.

निफाडचा_द्राक्षवाला

प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी सत्ता आहे असे म्हणायचे ठरवले की मग तपासण्यासारखे काही उरत नाही, अशी माझी तक्रार आहे. मी शेतकरी असलो तरी विज्ञान शिकलेला आहे, तेव्हा दोन गोष्टी नोंदवतो.

पहिली गोष्ट म्हणजे नाकाचा आकार हा मुळात हवेचा प्रश्न आहे. बाहेरची हवा फुप्फुसांपर्यंत पोचण्याआधी ती कोमट आणि दमट करणे हे नाकाचे काम असते. २०१७ साली पीएलओएस जेनेटिक्स या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की नाकपुड्यांची रुंदी त्या त्या लोकांच्या पूर्वजांच्या प्रदेशातील तापमान आणि हवेतील बाष्प यांच्याशी जुळते. उष्ण आणि दमट प्रदेशात रुंद नाके, थंड आणि कोरड्या प्रदेशात अरुंद. दुसरी गोष्ट म्हणजे आवडनिवड ही सगळीच शिकवलेली नसते. १९८७ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात काही महिन्यांच्या बाळांना दोन दोन चेहरे दाखवले, तेव्हा मोठ्यांनी ज्यांना सुंदर म्हटले होते त्या चेहऱ्यांकडे बाळे अधिक वेळ पाहत राहिली. त्या बाळांना ना जनगणना ठाऊक होती ना पेशवाई. अनेक चेहरे एकमेकांत मिसळून तयार केलेला सरासरी चेहरा लोकांना सुंदर वाटतो, हेही पुन्हा पुन्हा दिसले आहे.

बाकी रंगाबाबत मात्र गोदाकाठ यांच्याशी सहमत आहे. द्राक्षाच्या हंगामात विरळणीला आणि डिपिंगला, म्हणजे घड संजीवकात बुडवण्याच्या कामाला, येणाऱ्या बायका डोळे सोडून सगळा चेहरा बांधून घेतात, आणि दुचाकीवरून नाशिकला कॉलेजात जाणाऱ्या आमच्या मुली सनकोट घालून तेच करतात. बांधलेल्या दोन्ही चेहऱ्यांमागे भीती एकच आहे, फक्त पहिलीला ती परवडत नाही.

गोदाकाठ

आपल्या दोन्ही मुद्द्यांबद्दल आभार, कारण त्यांनी माझीच बाजू थोडी भक्कम केली. नाकाची रुंदी जर हवामानाशी जुळत असेल, तर रिस्लींनी जातीचा दर्जा म्हणून जे मोजले त्यात कोणाचे पूर्वज किती दमट हवेत राहिले याचाच मोठा वाटा होता. आणि सरासरी चेहरा सुंदर वाटतो हे मला मान्य आहे, पण सरासरी कोणत्या चेहऱ्यांची? डोळ्यांसमोर जे चेहरे वारंवार येतात त्यांचीच ना. पूर्वी ते गल्लीतले होते. आज ते फलकांवरचे, मालिकांमधले आणि दागिन्यांच्या जाहिरातींतले आहेत, आणि तिथे कोणता चेहरा लावायचा हे कोणीतरी पगार घेऊन ठरवत असते. बाळांचा प्रयोग मात्र मला खोडता येत नाही, तो तसाच राहू द्या.

त्रिरश्मी यांच्या पुळुमावीने मला अधिक अडचणीत टाकले आहे. त्यावर विचार करत आहे.

सराफकट्टा

आमचे तीन पिढ्यांपासून सराफ बाजारात छोटे दुकान आहे. नाकाची चर्चा चालू असताना नथीचा विषय कोणी काढला नाही याचे नवल वाटले.

मराठी स्त्रीचे सौंदर्य म्हटले की नथ, आणि नथ म्हटली की ती रामायणकाळापासून चालत आलेली, अशी गिऱ्हाइकांची ठाम समजूत असते. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी १९३८ साली नथीच्या प्राचीनतेवर लेख लिहिला आणि जुन्या संस्कृत वाङ्मयात व शिल्पांत नाकातल्या दागिन्याचा पुरावा मिळत नाही, तो साधारण इसवी सन १००० च्या पुढेच दिसू लागतो, असे दाखवून दिले. अजिंठ्याच्या चित्रांतील स्त्रिया गळ्यापासून घोट्यापर्यंत दागिन्यांनी मढलेल्या आहेत आणि त्यांची नाके मोकळी आहेत. हा दागिना बाहेरून, बहुधा मुस्लिम संपर्कातून, आला असे मत त्या काळच्या अभ्यासकांनी मांडले होते. मी हे एकदा दुकानात सांगितले तेव्हा एका बाईंनी ठरवलेली नथ परत ठेवली. तेव्हापासून दुकानात बोलत नाही, इथे बोलतो.

आज जी नथ सर्वांना हवी असते, ती मोत्यांची, मध्ये लाल किंवा हिरवा खडा असलेली, बाकदार. ती पेशवाईतील सधन घरांची नथ आहे. बसऱ्याचे मोती ज्यांना परवडत त्यांचीच ती होती. बाकीच्यांच्या नाकात असलीच तर चमकी नाहीतर साधी मोरणी असायची. आता गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत सगळ्या जातींच्या आणि थरांच्या मुली तीच नथ घालतात, कारण ती मिळते दोनशे रुपयांत आणि नाक टोचायलाही लागत नाही, दाबाची असते. एका अर्थी ही समताच झाली. पण मग कष्टकरी घरांतल्या जुन्या दागिन्यांचे घाट कोणी मागत नाही, ते मोडीत येतात आणि आम्ही वितळवतो. गेल्या दहा वर्षांत मी स्वतः किती वितळवले ते मला सांगवत नाही.

आणखी एक निरीक्षण. मुलीचे नाक रुंद असेल तर आई हळूच विचारते, "नाक बारीक दिसेल अशी दाखवा." मुलगी समोर असते. आम्हीही निमूटपणे उभट घाटाची नथ काढून देतो, कारण धंदा आहे. नाकापेक्षा मोती जड होतो तो असा. विधवा झाल्यावर हीच नथ उतरवावी लागे, आणि त्या वेळी नाक कसे आहे हे कोणीच पाहत नसे.

पंचवटीकर_१९३०

वरचे सगळे प्रतिसाद वाचले. माहिती भरपूर आहे, पण सगळी चर्चा बायोडेट्याच्या चौकटीत फिरते आहे, म्हणून थोडे वेगळे लिहितो.

आमच्या पंचवटीत काळाराम आहे आणि गोरारामही आहे. एकाची मूर्ती काळ्या पाषाणाची, दुसऱ्याची पांढऱ्या संगमरवराची. काळ्या देवापुढे हात जोडणारे लोक गोरी सून शोधतात, हा विनोद प्रत्येकाने करून झाला आहे, तो मी पुन्हा करत नाही. मला त्या दाराबद्दल बोलायचे आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि आपल्या नाशिकचे दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली तो सुमारे पाच वर्षे चालला. माझ्या आजोबांचे वडील त्यात होते. ते रंगाने गोरे आणि सरळ नाकाचे होते असे घरात सांगतात, फोटोही आहे. त्या दारावर त्यांचा रंग कोणी पाहिला नाही आणि नाकही मोजले नाही. त्यांची जात माहीत होती, तेवढे पुरले.

म्हणून गोदाकाठताई, मला आपल्या मांडणीत एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. नाक मोजण्याची गरज कधी पडते? जात माहीत नसते तेव्हा. गावात सगळ्यांना सगळ्यांची जात माहीत असे, तिथे रूप हा दुय्यम प्रश्न होता. शहरात, छापील जाहिरातीत, अनोळखी स्थळाच्या फोटोत जात लगेच कळत नाही, आडनावही फसवू शकते, तेव्हा नाक आणि रंग हे जातीचे दाखले म्हणून वाचले जातात. 'दिसायला आपल्यातली वाटते' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. रिस्लींनी हा वाचनाचा धंदा शोधला नाही, त्याला आकडे पुरवले.

त्या आकड्यांचे पुढे काय झाले तेही सांगतो. समाजशास्त्रज्ञ डॉ. घुर्ये यांनी १९३२ साली रिस्लींच्या निष्कर्षांची चिकित्सा केली, आणि बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरील आपल्या ग्रंथात नाकांच्या याच मोजमापांचा आधार घेऊन उलटा निष्कर्ष काढला: हे शास्त्र खरे मानायचे तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ज्या पट्टीने आम्हाला खाली ठेवले होते, त्याच पट्टीने त्यांनी तो वाद निकालात काढला.

दुसरा प्रसंग महाडचा, डिसेंबर १९२७ चा. परिषदेला आलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी सांगितले की तुमची लुगडे नेसण्याची पद्धत, गळाभर गळसऱ्या आणि हातभर चांदीचे नाहीतर कथलाचे गोठपाटल्या ही तुम्ही अस्पृश्य असल्याची खूण आहे, ती टाका. बायकांनी तिथेच नेसण बदलले. यावर आज काही शहाणे म्हणतात की हे उच्चवर्णीयांच्या सौंदर्याचे अनुकरण झाले. मला ते मान्य नाही. प्रश्न सुंदर दिसण्याचा नव्हता, दुरून ओळखू न येण्याचा होता. सराफकट्टा यांना त्या दागिन्यांचे घाट वितळताना पाहून वाईट वाटते, ते मी समजू शकतो. माझ्या पणजीने मात्र स्वतःच्या हाताने ते उतरवले होते, आणि तिला वाईट वाटल्याचे आमच्या घरात कोणी सांगत नाही.

सराफकट्टा

आपले म्हणणे मनाला लागले. वितळवण्याच्या दुःखात मी एकच बाजू पाहत होतो. कथलाच्या त्या पाटल्या आमच्याकडे मोडीलासुद्धा येत नसत, कारण त्यांना मोल नव्हते. हे आत्ता लिहिताना सुचले.

श्वासमार्ग

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, शहरातच व्यवसाय करतो. पंचवटीकर यांनी लिहिलेले 'दाखला म्हणून वाचले जाणारे नाक' हे शब्द माझ्या विषयाच्या इतिहासाला अगदी लागू पडतात.

नाक कापणे ही आपल्याकडे अब्रूची शिक्षा होती आणि ती केवळ कथेत नव्हती. नेपाळात कीर्तिपूर जिंकल्यावर पृथ्वीनारायण शाहच्या सैन्याने तेथील लोकांची नाके कापली आणि गावाला 'नासकाटपूर' म्हणू लागले; नाकावरून नाव पडलेले आपले गाव एकटे नाही. टिपूबरोबरच्या युद्धात इंग्रजांच्या सैन्याचे बैल हाकणारा कावसजी पकडला गेला आणि त्याचे नाक व हात कापण्यात आला. पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवले. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले, ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये त्याची हकीकत चित्रासह छापून आली, आणि १८१४ साली जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये ती शस्त्रक्रिया केली. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा एक धागा असा आपल्या अंगणातून गेला आहे. त्या कारागिराचे नाव मात्र हकीकतीत नाही.

तिथपर्यंत शस्त्रक्रिया कापलेले नाक परत देण्यासाठी होती. चांगले असलेले नाक बदलण्यासाठी ती वापरायला लागली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. बर्लिनचे जॅक जोसेफ यांनी १८९८ पासून नाके लहान करण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. ते स्वतः ज्यू होते आणि त्यांच्याकडे येणाऱ्यांत अनेक ज्यू होते, ज्यांना रस्त्यावरून जाताना नाकावरून ओळखू येणे नको होते. पंचवटीकरांच्या पणजीने पाटल्या उतरवल्या. या लोकांना नाक उतरवावे लागले.

माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच जणी 'श्वास घ्यायला त्रास होतो' असे सांगून येतात. नाकाचा पडदा खरेच वाकडा असेल तर तो सरळ करतोच. पण दोन वाक्यांनंतर मोबाइल पुढे येतो आणि त्यातील स्वतःचाच फोटो दाखवून 'हे एवढे रुंद दिसते' असे सांगितले जाते. त्यांना मी एक गोष्ट समजावतो. २०१८ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी गणिताने दाखवले की बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा तळ प्रत्यक्षापेक्षा पुरुषांत सुमारे ३० आणि स्त्रियांत सुमारे २९ टक्के अधिक रुंद दिसतो, कारण चेहऱ्याच्या इतर भागांपेक्षा नाक कॅमेऱ्याला जवळ असते. पाच फुटांवरून हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. ऐकून काही जणी हसतात आणि परत जातात. काही म्हणतात, "पण डॉक्टर, लोक मला आता मोबाइलवरच बघतात." याला माझ्याकडे वैद्यकीय उत्तर नाही.

निफाडचा_द्राक्षवाला

म्हणजे रिस्लीची पट्टी गेली आणि आता प्रत्येकाच्या खिशात वाकडी पट्टी आली. माझी सुरुवातीची तक्रार पूर्ण मागे घेत नाही, पण बाळांचा प्रयोग लिहिताना मी एक गोष्ट गाळली होती, ती प्रामाणिकपणे नोंदवतो: बाळे कोणते चेहरे जास्त वेळ पाहतात यावरून त्या चेहऱ्याच्या माणसाला नोकरी, स्थळ किंवा मंदिरात प्रवेश द्यावा की नाही हे ठरत नाही. तो हिशेब मोठेच करतात.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पंचवटीकर यांची दुरुस्ती मला पूर्णपणे मान्य आहे. मी पट्टी आणि नाक यांच्यात अडकले होते. पट्टीची गरज कोणाला आणि केव्हा पडते हा प्रश्न माझ्याकडून सुटलाच होता. आमच्या घरातही 'आजीचे नाक' हा शब्दप्रयोग कोणत्या सुरात होतो हे मी आता नव्याने ऐकते आहे. आजी आदिवासीबहुल पेठ तालुक्याकडची, तिच्या माहेराविषयी घरात फारसे बोलले जात नसे. तिच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होते आणि लग्नाच्या फोटोत ते रंगाने झाकलेले आहे. म्हणजे आमच्याकडे फोटो दुरुस्त करण्याची ही पहिली खेप नव्हती.

फोटोचे पुढे काय झाले असे दोघांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले आहे, म्हणून लिहिते. मी भाचीला घेऊन त्या स्टुडिओत पुन्हा गेले. मुलगा विशीतला होता, नम्र होता, आणि आम्ही कशाबद्दल तक्रार करतो आहोत हे त्याला बराच वेळ कळलेच नाही. त्याने संगणक आमच्याकडे वळवून दाखवले. नाकासाठी त्यात एक सरकपट्टी आहे, ती मध्यावरून डावीकडे नेली की नाक अरुंद होते आणि उजवीकडे नेली की रुंद. लग्नाच्या फोटोंसाठी त्याने एक ठरावीक मांडणी साठवून ठेवली आहे आणि ती प्रत्येक मुलीच्या फोटोला आपोआप लागते. आमच्या भाचीचे नाक त्याने वेगळे असे पाहिलेसुद्धा नव्हते. मी विचारले, उजवीकडे कधी नेली आहेस का? तो थोडा विचारात पडला आणि म्हणाला, "एकदा, मॅडम. एका मुलाचे नाक फारच बारीक झाले होते, ते परत जागेवर आणायला."

मूळ फोटो त्याच्याकडे होते. भाचीने त्यातला एक निवडला आणि तोच बायोडेट्यावर लावला आहे. बहीण अजून माझ्याशी नीट बोलत नाही.